दुसरी वात

म्हसवड,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय एस्तूताईंना हरणाबाईचा शालोम आणि नमस्कार.

तुमचं पत्र फोनवर आलं. माझ्या भावाच्या मुलीने, पूजाने, ते वाचून दाखवलं आणि मग मी स्वतः चष्मा लावून दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता फोनवरच बोला. पण फोन कानाला लावला की मला ‘हां, हां’ याच्यापुढे काही सुचत नाही. तुमच्या आईने, आमच्या बाईंनी, मला चाळिशीला टेकल्यावर पाटी हातात दिली ती काय उगीच? म्हणून कागदावर लिहिते. पूजा त्याचा फोटो काढून तुम्हाला तिकडे इस्रायलला धाडते. अक्षराला हसू नका. बाई पुरेसं हसल्या आहेत.

इकडे सगळे बरे. सिद्धनाथाचा रथ आठ दिवसांवर आलाय, घरात पाव्हणे आणि गावात पाय ठेवायला जागा नाही. माझा भाऊ धुळा, त्याचे गुडघे धरलेत, तरी मेंढरांमागे जायचा राहत नाही. “मेंढरास्नी काय रविवारची सुट्टी असती व्हय?” म्हणतो. मी सातारा सोडून त्याच्याकडे आले त्याला वर्ष झालं. तरी शुक्रवारी संध्याकाळ व्हायला आली की माझा हात आपोआप तेलाच्या किटलीकडे जातो. काचेच्या ग्लासात पाणी, वर तेल, तेलात दोन वाती. धुळा विचारतो, “आक्का, बाईंनी तुला बाटवली का काय?” मी म्हणते, “तुज्या मेंढरांपरीस बरी माणसं व्हती ती.”

पुण्याहून रोहेकर साहेब येऊन गेले. तुमच्या समाजाच्या गॅलरीचं तेच बघतात, हे तुम्हाला माहीतच आहे. फार सभ्य माणूस, घोंगडीवर मांडी घालून बसले, दोनदा ताक घेतलं. बारा जानेवारीला रविवारी बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन उघडायचं नक्की झालंय. नाव ठेवलंय ‘चेऊलकर बाईंचे शुक्रवार’. शनिवारी गॅलरी बंद राहणार, शुक्रवारी दुपारीच कुलूप. मी म्हटलं, बाई असत्या तर हेच आधी विचारलं असतं. साताऱ्याच्या शनिवार पेठेत राहून शनिवार पाळणारी मी एकटीच, असं त्या कुणालाही सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

माझ्याकडचं होतं ते मी साहेबांना दिलं. रंगांची पत्र्याची पेटी दिली, तिच्यातली निळी वडी तेवढी पार तळाला गेलेली आहे. नवसाच्या मलिद्याचं ताट, दाराच्या चौकटीवरची ती प्रार्थनेच्या कागदाची छोटी डबी, एलियाहू नबीचं काच तडकलेलं चित्र आणि बाईंचा शुक्रवारचा पेला. पेला देताना जीवावर आलं. आता मी वाती चहाच्या ग्लासात लावते.

तुम्ही यंदा तरी येणार असं साहेब म्हणाले. या. मागच्या वर्षी बाई गेल्या तेव्हा लढाईमुळे विमानं बंद होती, तुमचा काही इलाज नव्हता हे मी सगळ्यांना सांगते.

बाईंच्या चित्रांच्या वह्यांचं विचारलंत. सातही वह्यांचं बघते. रथाची गडबड उरकू दे.

आपली,
हरणाबाई

•

म्हसवड,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

प्रिय एस्तूताई,

शालोम. रथ झाला, पाव्हणे पांगले, आता तुमच्या पत्राला उत्तर न द्यायला कारण उरलं नाही.

वह्या धुळाच्या जुन्या घरात पेटीत आहेत आणि पेटीची किल्ली सापडत नाही. रोहेकर साहेबांनाही मी हेच सांगितलंय. सापडली की कळवते.

तुम्ही विचारता त्यातलं एक मी सांगू शकते. बाईंनी शुक्रवार कधी चुकवला नाही. मी कामाला लागले तेव्हा मला वाटलं होतं, रिटायर झालेली चित्रकलेची बाई आहे, वेळ जात नाही म्हणून रंगवत असेल. मग कळलं की हा देवाचा नेम आहे. दुपारी जेवण उरकलं की खिडकीशी टेबल ओढायचं, त्या लांबड्या वहीचं नवं पान काढायचं. वर तुमच्या लिपीत प्रार्थनेची एक ओळ. खाली त्या आठवड्यात जे काही डोळ्यांपुढून गेलं असेल ते. अजिंक्यताऱ्यावर उतरलेला ढग, यवतेश्वरच्या बायकांच्या करवंदाच्या पाट्या, एकदा तर नुसती माझी धुऊन उलटी टाकलेली चप्पल. आणि उजव्या कोपऱ्यात शुक्रवारचा पेला. त्या दिवशी घरात जेवढ्या वाती लागणार तेवढ्याच पेल्यात काढायच्या. घरातल्या जित्या माणसामागे एक वात, हा तुमच्या घरचा रिवाज, मी तुम्हाला काय सांगायचा.

तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मी निघून गेल्यावर आईने किती वाती काढल्या?’ ताई, खरं ऐकायचं तर ऐका. मी आले ते दोन हजार दोन साल. तुम्ही जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून नऊ वर्षं पेल्यात एकच वात होती. मी एकदा विचारलं, “बाई, पोरीची न्हाई का लावायची?” तर ब्रश धुता धुता म्हणाल्या, “ती या घरात नाही, हरणा. तिने तिचं घर निवडलं.” त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. तुमचाही काही कमी नव्हता. नऊ वर्षं ना त्यांनी नंबर फिरवला, ना तुम्ही. मायलेकी दोघी एकाच मुशीतल्या, आणि मधल्या मधे पोस्टमन आला की जिन्यावरून पळत जायची मी.

मी रागाने लिहीत नाही. लिहीत असेन तर असो. बावीस वर्षांत तुम्ही एकदा आलात, तीन दिवस, हॉटेलात उतरलात. बाईंचे पाय सुजायचे तेव्हा मीठपाण्यात धरून कोण बसायचं, रात्री उशी कोण सारखी करायचं, हे वहीत काढलेलं नाही.

किल्लीचं बघते.

आपली,
हरणाबाई

•

म्हसवड,
सोमवार, ३० डिसेंबर २०२४

एस्तूताई,

हे पत्र पूजाला दाखवलेलं नाही. पाकीट चिकटवून आजच्या पुण्याच्या एसटीने रोहेकर साहेबांकडे धाडते. त्यांच्या ओळखीचं कुणी दोन दिवसांनी तुमच्या गावी निघालंय, त्यांच्याबरोबर येईल.

काल साहेब आले होते. सोबत मोठी गाडी, गाडीत सात खोकी, आत मऊ कापड घातलेली. वह्या न्यायला आले होते. “किल्ली नसली तर राहू द्या, मी कुलूपवाल्याला म्हसवडच्या स्टँडवरून घेऊन आलोय,” म्हणाले. गाडीत खरंच एक माणूस हत्यारांची पिशवी घेऊन बसला होता. मी चुलीपुढे गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच म्हटलं, “साहेब, पेटी न्हाई. किल्ली बी न्हाई. वह्या मी पोचवल्या.”

“कुठे पोचवल्या?”

“माहुलीला. नदीत.”

धुळाने हातातली काठी खाली ठेवली. आधण उतू गेलं ते मीच उतरवलं.

आता तुम्हाला सगळं सांगते. तुमच्या आईकडे एक पांढरा उशीचा अभ्रा होता. फाटलेली प्रार्थनेची पुस्तकं, सुटी पानं, ज्याच्यावर देवाचं नाव असेल तो कागदाचा कपटासुद्धा त्या अभ्र्यात पडायचा. वर्षाकाठी तो भरला की त्या पुण्याला घेऊन जायच्या. मी कधी संगं गेले नाही. एकदा विचारलं, “याचं काय करत्यात?” तर म्हणाल्या, “देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नसतो. माणसासारखा पोचवायचा असतो, मानाने.” मी मान डोलावली. मला काय वेगळं विचारायचं सुचणार? आमच्यात जुना झालेला, भंगलेला देव नदीत सोडतात. माणसाची राख नदीत सोडतात. माझ्या मालकांना मी कृष्णेतच पोचवलं. पुण्याला नदी आहे, तिथेच कुठेतरी सोडत असतील, हे मी धरूनच चालले. पुढची वीस वर्षं तसंच धरून होते.

बाई गेल्या त्या बुधवारी, एक नोव्हेंबरला. दुसऱ्या दिवशी पुण्यात दफन झालं. मी लांब उभी राहून माती पडताना बघितलं. तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही की जसं माणूस, तसाच कागद. एवढं डोळ्यांपुढे होत होतं आणि मला कळलं नाही.

तुमच्यात सात दिवस, आमच्यात तेरा. मी आधी सात पाळले, मग तेरा. तेराव्या दिवशी दिवाळीतला सोमवार होता. वह्यांना कसर लागली होती, दोन वह्यांचे पुठ्ठे सुटले होते. घर चार दिवसांनी घरमालकाला रिकामं करून द्यायचं होतं. बाईंच्या पांढऱ्या पातळात सातही वह्या बांधल्या, रिक्षा केली, संगम माहुलीला उतरले. एका खेपेला पेलवेनात, म्हणून दोन खेपांत घाटाच्या पायऱ्या उतरले. कमरेएवढ्या पाण्यात गेले. वहीला हळद लावली, फूल वाहिलं आणि एकेक सोडली. लगेच बुडत नव्हती. पानं उघडायची, पसरायची, मग जड होऊन खाली जायची. तिसऱ्या वहीपासून रंग सुटायला लागला. माझ्या पातळाभोवती निळं पाणी झालं. तो बाईंचा निळा होता, अजिंक्यताऱ्यावरच्या आभाळाचा. तेव्हा मी चौथी वही छातीशी धरून उभी राहिले. पण हातातलं पुरं करावं, अर्धं सोडू नये, असं आमच्यात सांगतात. मी पुरं केलं.

काल साहेब चहा न पिता बसले होते. मग म्हणाले, “हरणाबाई, आम्ही पुरतो. जमिनीत. पाण्यात नाही सोडत.” एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जाताना सात खोकी तशीच रिकामी घेऊन गेले.

चाळीस वर्षं, दर शुक्रवारी एक पान. दोन हजारांच्या वर झाली, एस्तूताई. तुमच्या आईचं अख्खं आयुष्य मी माझ्या हाताने, पाया पडून, बुडवलं. त्या बिचाऱ्या मला लिहायला शिकवून गेल्या, आणि त्या शिकवण्याने मी हे लिहितेय.

माफी मागायला तोंड नाही. तुम्ही प्रदर्शनाला या. मला बघायचं नसेल तर मी येत नाही.

हरणाबाई

•

म्हसवड,
मंगळवार, १४ जानेवारी २०२५
संक्रांत

एस्तूताई,

तुम्ही आला नाहीत. पहिल्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची होती. कुणी बसलं नाही तिच्यावर.

साहेबांनी मला न्यायला गाडी धाडली होती. मी म्हटलं, कशाला, मारायला? ते म्हणाले, “गॅलरी तुमचीही आहे असं समजा.” तसं समजता येत नाही, पण गेले. वह्यांसाठी त्यांनी सात टेबलं करून घेतली होती, वर काच. ती तशीच मांडली होती, रिकामी. प्रत्येकावर पाटी, वही पहिली, वही दुसरी, साल अमुक ते अमुक. भिंतीवर बाईंचा फोटो, एका बाजूला ताट, रंगांची पेटी, नबीचं चित्र. मधोमध पेला. बाजूला एक खुर्ची, तिच्यावर मला बसवलं. वह्यांत काय होतं ते आता एकट्या हरणाबाईंना माहीत आहे, ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी विचारावं, असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं. वह्या कशा गेल्या हेही सांगितलं. लपवलं नाही. एक म्हातारी बाई काठी टेकत माझ्यापाशी आली, “पाण्यात?” एवढंच म्हणाली आणि उलटपावली निघून गेली. तिचं काही चुकलं नाही.

बाकीचे बसले. मी सांगत गेले. कास पठारावर बाईंनी नुसता चिखल काढला होता, फुलं सगळेच काढतात म्हणून. कोयनेकडे भूकंप झाला त्या आठवड्यात भिंतीवरचं घड्याळ तिरकं काढलं होतं. मोजत होते पूजा आणि साहेब. ताई, मला वाटायचं मला सगळी पानं पाठ आहेत. एकशे अठरा झाली आणि पुढे काही येईना. काल पूजाने परत विचारलं तर त्यातलीही चार हुकली. दोन हजारांतली एवढी उरली आहेत आणि तीही माझ्यासारख्या म्हातारीच्या डोक्यात.

तुम्ही साहेबांकडे एकच ओळ धाडलीत, ‘नऊ वर्षांनंतर काय झालं?’ त्या पत्रात नऊ वर्षांचा आकडा मीच लिहिला आणि मीच अडकले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

तर नऊ वर्षांनंतर दुसरी वात आली.

दोन हजार अकरा सालचा श्रावण. माझे मालक गेले, दिरांनी घराबाहेर काढलं, आणि मंगळवारी मी पत्र्याची पेटी घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. “आत ये, दार लावून घे, मांजर शिरतं,” एवढंच बोलल्या. त्याच आठवड्यात गुरुवारी तुमचा फोन आला. नऊ वर्षांत पहिला. मुलगी झाली म्हणून तुम्ही सांगितलंत. बाईंनी फोन ठेवला आणि फोनच्या स्टुलाशीच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. त्या दिवशी पेल्यात दोन वाती पडल्या. पुढे बारा वर्षं दोनच.

ती दुसरी वात कुणाची, हे मी कधी विचारलं नाही. कसं विचारणार? ‘तुझी’ म्हणाल्या असत्या तर मी सुखाने मेले असते. ‘एस्तूची’ म्हणाल्या असत्या तर मी परत पेटी उचलून जायचं कुठे? म्हणून न विचारता मी ती माझी धरली. दर शुक्रवारी कोपऱ्यात माझी वात बघायची आणि मग भांडी घासायला जायचं. आम्हा धनगरांच्या पोरीला कुणी असं पुस्तकात बसवलं नव्हतं.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते. रोहेकर साहेबांनी तुम्हाला सांगितलं नसेल, ते सांगणार नाहीत. बाई गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला होता. वह्या जपून ठेवा, एस्तेरला हव्या आहेत, आपण त्या गॅलरीत लावू. मी ‘व्हय’ म्हटलं. आणि तीन दिवसांनी माहुलीला गेले. रिवाज मला माहीत नव्हता, हे खरं आहे, ताई, सिद्धनाथाची शपथ. मला तो मानच वाटला. पण घाई रिवाजाची नव्हती. घाई माझी होती. मला वाटलं, लोक वह्या बघतील, कोपऱ्यातल्या वाती मोजतील, आणि शहाणीसुरती माणसं एकमेकांना सांगतील, बघा, आईने लेकीला माफ केलं. कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही की तिथे दुसरं कुणी असेल. मला ते बघवलं नसतं. तुमच्या आईला पोचवताना मी तुम्हाला आडवी आले.

आणि आणखी एक. पाण्यात उतरायच्या आधी, घाटाच्या पायरीवर बसून, मी एक पान फाडून घेतलं. देवाचं नाव असलेलं पान फाडू नये, एवढं बाईंनी मला शिकवलं होतं. तेही फाडलं. वर्षभर माझ्या पेटीच्या तळाला, माझ्या लग्नाच्या खणाखाली होतं. साहेबांना दाखवलं नाही, सात टेबलं रिकामी बघूनही दाखवलं नाही. ते तुम्हाला पाठवते आहे.

नीट उघडा, कडेला कसर लागलीय. तो श्रावणातला शुक्रवार आहे. वर प्रार्थनेची ओळ. खाली तुमच्या घरातलं ते तीन पायांचं स्टूल, स्टुलावर काळा फोन. आणि स्टुलाखाली माझी पत्र्याची पेटी, कडी लावलेली, वर माझं गाठोडं. उजव्या कोपऱ्यात पेला, पेल्यात दोन वाती. बाईंनी दोघींना एकाच पानावर काढलं आणि कुणाची वात ते लिहिलं नाही. मी हजारदा बघितलंय. तुम्ही बघा. तुम्ही लेक आहात, तुम्हाला कदाचित दिसेल.

बघून झालं की ते पान गॅलरीला द्या, नाहीतर तुमच्या रिवाजाने मातीत पुरा. माझ्याकडे परत पाठवू नका.

तीळगूळ पाकिटात घालता येत नाही म्हणून घातला नाही. गोड बोला असं तरी मी कोणत्या तोंडाने सांगू?

मागच्या शुक्रवारपासून मी चहाच्या ग्लासात एकच वात लावते. दुसरी या पाकिटात आहे.

हरणा